गच्चीवरची पवनचक्की

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर छोटी पवनचक्की बसवायची ठरली, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. मी इंजिनिअरिंग कॉलेजात द्रवयांत्रिकी शिकवते. किती वारा मिळेल, पाती केवढी हवीत, सगळं गणित मी हौसेने करून दिलं. उद्घाटनाला शाल-नारळ मिळाला. मुलं विचारत होती, वारा पात्याला ढकलतो का? मी सांगितलं, ढकलत नाही, उचलतो. विमानाच्या पंखासारखं. पात्याचं टोक वाऱ्यापेक्षा कितीतरी वेगाने फिरतं, मुळाशी ते सावकाश जातं, म्हणून पातं पिळलेलं असतं. सगळे कौतुकाने ऐकत होते.

चक्कीच्या बरोबर खाली, सगळ्यात वरच्या मजल्यावर काका-काकू राहतात. मालवणकडचे. काकांचं आयुष्य गिरणीत मागांच्या खडखडाटात गेलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला, तेव्हापासून बोलता येत नाही. मुलगा दुबईला. मी लहान असताना आई कामावर गेली की मी त्यांच्याकडेच जेवायचे.

चक्की बसल्यावर बरेच दिवस मी वर गेलेच नव्हते. परीक्षेची कामं, हे ते. एका रविवारी दुपारी काकांना पाहायला गेले, तर त्यांची खाट स्वयंपाकघरात. फ्रिजला लागून, ओट्याखालच्या सिलेंडरकडे पाय करून काका झोपलेले.

"काकू, खाट इथे कशाला?"

"आतल्या खोलीत गरम होता," त्या म्हणाल्या.

आतल्या खोलीत पंखा होता, खिडकी होती. मी आत गेले. काकू मागोमाग आल्या. म्हणाल्या, "भिंतीक हात लाव."

मी तळवा टेकवला. भिंत थरथरत होती. बारीक, पण थांबत नव्हती. मध्येच एक धक्का, मग पुन्हा थरथर. कान लावला तर आतून घुमल्यासारखा आवाज येत होता.

"ह्येंका सांगता येत नाय. कानार हात ठेवून रडत. म्हणान खाट भायर आणली."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझा केवढा कौतुक झाला गो. त्यात मी काय बोलू?"

काय झालंय ते मला तिथेच कळलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. वाऱ्याचे आकडे मी मोकळ्या माळावरचे घेतले होते. आमच्या पश्चिमेला मात्र दोन उंच टॉवर उभे राहिलेत. त्यांच्यावरून येणारा वारा भोवरे घेऊन येतो. पात्याला तो कधी समोरून भेटतो, कधी तिरका. कोन फार वाढला की हवा पात्याला सोडून सुटते, उचल एकदम पडते आणि पुन्हा धरते. तो हिसका खांबातून स्लॅबमध्ये उतरतो. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. मग काकांच्या डोक्यावर तो खांब उभा करताना मी कोणता विचार करत होते?

त्याच संध्याकाळी गच्चीवर जाऊन ब्रेक लावला. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, खांबाखाली रबर टाकून बघू ना. आत्ता काढली तर लोक हसतील."

रबर टाकून पाहिलं. थरथर कमी झाली, गेली नाही. मग मी मीटिंगमध्ये उभी राहिले आणि गणित माझं चुकलंय, चक्की काढा, असं सांगितलं. कोणी वाद घातला नाही. एकजण फक्त म्हणाले, "हे आधी कळायला हवं होतं." ते खरंच होतं.

चक्की उतरली त्या दिवशी आम्ही चौघांनी मिळून काकांची खाट परत आत नेली. काकूंनी चादर बदलली. काका छताकडे बघत होते. मी वाकून म्हटलं, "काका, माझ्यामुळे झालं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, समजलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

आता मी दर रविवारी जाते. गेल्या खेपेला काकूंनी पेज पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "येतंस तर ये, बाय. पण असा गुन्हेगारासारखा तोंड करून येव नको. ह्येंका वाईट वाटता."

मी बरं म्हटलं, आणि काकांना पेज भरवायला घेतली. दोन चमचे त्यांनी खाल्ले. तिसऱ्याला तोंड फिरवलं.