म्हातारं माणूस पुढं

वेल्ह्यापलीकडच्या एका डोंगरी गावात लसींच्या फ्रिजसाठी मी एक पेटी केली होती. आत तळहाताएवढा जुनापाना संगणकाचा बोर्ड, त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली. फ्रिज तापला की घंटा वाजवायची, म्हणजे शेजारचं कुणीतरी धावत येऊन लसी बर्फाच्या डब्यात हलवील. लाइटीचा काही भरवसा नव्हता. नर्सबाई वाडीवर निघताना दारातनं तीनतीनदा वळून फ्रिजकडं बघायच्या. लसी नासल्या तर डोंगरातली पोरं तशीच राहायची.

मी मोठ्या ऐटीत पेटी चालू केली. पडद्यावर एकच ओळ आली, कर्नल फार जुनं आहे, आणि सगळं ठप्प. चूक माझी. कर्नल म्हणजे यंत्राचा कारभारी, आणि त्याच्याकडं काय काय मागता येतं त्याची यादी म्हणजे हेडर. मी शहाण्यानं भोरला बसून पेटीचा प्रोग्रॅम बांधताना सगळ्यात नवी यादी वापरली. बोर्डावरचा कारभारी जुना, बदलायची सोय नाही. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

बाईंना कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत, पण बर्फाचा डबा माझ्या खांद्यावर देऊन मला वाडीवर घेऊन गेल्या. वाटेत वाडीचे एक आजोबा भेटले. चढ लागताच बाईंनी त्यांना पुढं घातलं. अशानं पोचणार कधी, असं मी कुरकुरलो.

“म्हातारं माणूस पुढं घालायचं,” बाई म्हणाल्या, “म्हंजी कुणी मागं ऱ्हात न्हाई.”

भोरला परतलो आणि त्या जुन्या कर्नलचीच हेडर घेऊन सगळं पुन्हा बांधलं. पेटी चालली.

काही वर्षांनी वीज पडून बोर्ड जळला. तसला आता मिळेना. नवा आणला, त्यावरचं कर्नल कितीतरी पुढचं. प्रोग्रॅम मात्र तोच, जुन्या यादीचा. चालू केला, आणि एक अक्षर न बदलता तो निमूट चालू लागला! कुठल्या कुठल्या देशांतली, मला न ओळखणारी माणसं इतकी वर्षं ते कर्नल बदलत होती, पण जुन्या प्रोग्रॅमला दिलेला शब्द त्यांनी मोडला नव्हता. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. डोळेही भरले, खोटं कशाला सांगू.

पेटी पारखायला बाईंनी फ्रिजचं दार उघडं धरलं. घंटा वाजली. त्यांनी दार लावलं, बर्फाचा डबा खांद्याला अडकवला आणि वाडीची वाट धरली. मी दारात उभा राहून बघत होतो. त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.