फोन भरलाय

मनू,

परभणी स्टेशनवर बाबांनी माझ्याआधी लॅपटॉपला जागा शोधली होती, आठवतंय? आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं ते खोकं खिडकीपाशी ठेवलं आणि मला म्हणाले, "तू काय, कुठंही बसशील." तू खो खो हसलीस, मी चिडले. गाडी हलली तेव्हा बाकीचे बाप पोरींना जपून राहा म्हणत होते. आपले बाबा फलाटावरून सोबत चालत ओरडत होते, "झाकण आपटू नकोस गं! नीट बंद करत जा!"

दिल्लीतल्या मुनिरकाच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागायचा. स्पर्धा परीक्षेला मराठी साहित्य घेतलेलं, वाचून वाचून डोळे चुरचुरायचे. बाबा नुकतेच निवृत्त झालेले, जन्मभर शाळेत मराठीच शिकवलेलं. म्हणाले, "मी वाचतो, तू डोळे मीट आणि ऐक." मग रोज दुपारी एक रेकॉर्डिंग यायचं. मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच तुला "पंखा कमी कर गं", मध्येच "हे परीक्षेत येणार नाही, पण मला आवडतं म्हणून वाचतो." मी चारदा परीक्षेला बसले, चारदा आपटले. त्यात बाबांचा काडीचाही दोष नव्हता, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

रविवारी त्यांचं ठरलेलं गाऱ्हाणं. "फोन भरलाय म्हणतोय, आता काय करू?" मी म्हणायचे, "रेकॉर्डिंग डिलीट करा, मीही फोनवरची काढून लॅपटॉपवर उतरवून घेतलीयेत." एकदा वैतागून म्हटलं, आधी ती सुप्रभातची फुलं काढा ना! तर म्हणाले, "लोकांनी प्रेमानं पाठवलेलं कसं पुसायचं? माझ्या आवाजाचं काय, मी आहेच की."

अर्धांगाच्या झटक्यानं बाबांची वाचा गेल्यापासून हे वाक्य मला झोपू देत नाही. तू फोन केलास, "ताई, ती जुनी रेकॉर्डिंग पाठव. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणतात, स्वतःचा आवाज ऐकून जीभ वळेल कदाचित." मी ऐटीत म्हटलं, "चलो, आत्ता पाठवते." नोकरीसाठी गाझियाबादला आल्यापासून लॅपटॉप कपाटात होता, त्याच लुगड्यात. चालू केला. काळा पडदा, आणि त्यावर इंग्रजीत एकच ओळ: बूट डिव्हाइस सापडत नाही, म्हणजे सगळं जिच्यात साठवलेलं ती डिस्कच त्याला दिसत नव्हती.

अगं, मी ऑफिसात दिवसभर हेच तर करते, लोकांचे लॅपटॉप सरळ करते. सेटिंगमध्ये शिरले, तर डिस्कचं नाव जिथे दिसायला हवं तिथे रिकामी जागा. मागचे स्क्रू काढले, डिस्क बाहेर काढली, टोकं पुसली, परत बसवली. पुन्हा चालू केला, तर आतून टिकटिक ऐकू आली. दुसऱ्या कुणाचा लॅपटॉप असता तर मी तिथेच सांगितलं असतं, बंद करा, आता हात लावू नका. पण आत बाबा होते. मी चार दिवस तो चालू-बंद करत राहिले, दर वेळी वाटायचं की आता उठेल.

नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातल्या दुकानदारानं डिस्क उघडून भिंगाखाली धरली. "मॅडम, प्लेट पर लकीरें हैं. कितनी बार ऑन किया?" चार दिवस, मी म्हटलं. "हर बार थोड़ा और घिसता गया. अब कुछ नहीं निकलेगा." आणखी दोघांना दाखवली. त्यांचंही तेच.

आठवडाभर मी तुला नेट स्लो आहे म्हणत होते, ते सगळं खोटं होतं. रेकॉर्डिंग गेली, मनू. बाबांकडची मी पुसायला लावली आणि माझ्याकडची माझ्याच हातानं खरवडली. त्या बाईंना सांग, वाट बघू नका. बाबांना कसं सांगायचं ते तू ठरव, माझ्यात तेवढी हिंमत नाही.

पूर्वी घर आठवलं की आधी तो आवाज यायचा, मग दार, मग अंगण. आता उलटं झालंय. अंगण दिसतं, दार दिसतं, बाबा खुर्चीत दिसतात आणि पुढे काही होत नाही. डोळे मिटून ऐकायचा प्रयत्न करते. त्यांची वाक्यं सगळी आठवतात गं, अगदी कुकरच्या शिट्टीसकट. पण ती माझ्याच आवाजात ऐकू येतात.

आज सकाळी बाबांचा मेसेज आला. गुलाबाचं फूल, वर सुप्रभात. डाव्या हाताच्या अंगठ्यानं ते एक पाठवायला त्यांना अर्धा तास लागतो, असं तू सांगितलंस. कधी न पुसलेल्या त्या ढिगातून रोज एक शोधतात. माझं घर आता तेवढंच, सकाळी येणारं एक फूल.

दुपारी माझा फोन म्हणाला, जागा संपली, काहीतरी काढा. मी दिल्लीतल्या इतक्या वर्षांचे माझे सगळे फोटो काढून टाकले. फुलांना हात लावला नाही.

तुझी ताई