नायक जेवतो कधी?

“विलास गेला,” सुनंदावहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या. मी मार्केट यार्डात होतो, आजूबाजूला लिलावाचा आरडाओरडा... मी वेड्यासारखं विचारलं, “कोण विलास?” महिन्याभराने त्यांचा पुन्हा फोन आला. “भाऊजी, यांची शेवटची कादंबरी प्रकाशक मागतायत. पण तिचं शेवटचं प्रकरण यांनी मला वाचून दाखवलंच नव्हतं. द्यायची की नाही, तुम्ही सांगा.”

मी काय सांगणार? कादंबरी वाचायला मला विलासनेच शिकवलं. आमच्या तालुक्याच्या शाळेत शनिवारी शेवटच्या तासाला एकाने उठून वाचलेल्या कादंबरीची गोष्ट सांगायची पद्धत होती. आम्ही सगळे “फार आवडली” म्हणून खाली बसायचो. नववीत विलासची पाळी आली. जी वाचून सगळं गाव रडलं होतं, तीच कादंबरी त्याने घेतली. “बाई, तीनशे पानं झाली, नायक एकदाही जेवला नाही.”

“अरे, प्रेमात भूक लागत नाही.”

“मग भांडी घासून घासून नायिकेचे हात खरखरीत कसे झाले?”

“बस खाली, दीडशहाण्या!” म्हणताना बाईंनाही हसू आवरेना. रहस्यकथांना मात्र तो मानायचा. मी नाक मुरडलं की म्हणायचा, “रस्त्यावरच्या माणसाला धरून बसवतात त्या. ते आधी जमू दे.” माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. पुस्तकाला नमस्कार करायचा, एवढंच मला ठाऊक होतं. पुस्तकाला प्रश्नही विचारता येतो, हे त्याच्यामुळे कळलं... पुढचं सगळं शिक्षण त्यावरच उभं राहिलं.

पुण्यात आल्यावर त्याची पहिली कादंबरी घेऊन आम्ही शनिवार पेठेतल्या एका प्रकाशकांकडे गेलो. “अहो, यात स्वयंपाकच फार. आपण वाचकाला जेवायला बोलावलंय का?” विलास “हो” म्हणाला आणि बाड उचलून निघाला. ती दुसरीकडे छापली गेली, हातोहात खपली. मग तेच प्रकाशक पुढची मागायला कर्वेनगरला त्याच्या घरी आले. वहिनींनी त्यांना जेवू घालूनच पाठवलं!

प्रत्येक प्रकरण तो वहिनींना स्वयंपाकघरात वाचून दाखवायचा. त्यांनी पोळ्या लाटणं थांबवायचं नाही, हा नियम. पोळी करपली तर प्रकरण पास. परवा रविवारी फ्रिजला टेकून, त्याच्या जागी उभा राहून, मी शेवटचं प्रकरण वाचलं. पहिल्या पानाला लाटणं चालू होतं, दुसऱ्यालाही. मग कधीतरी लाटण्याचा आवाज थांबला. वाचून झाल्यावर वर पाहिलं, तर तव्यावरून धूर निघत होता.

“पाठवून द्या, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. डोळे पुसत त्यांनी ती काळी पोळी मोडली आणि अर्धी माझ्या हातात ठेवली.