सई बोलेपर्यंत थांबलेल्या आजी

मंडळी, आज सकाळी सुखना तलावावर इतकं धुकं होतं, की पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं तेच कळेना. माझी नऊ वर्षांची सई व्हीलचेअरमधून ते बघत होती. तिला सेरेब्रल पाल्सी आहे.

बाकावरच्या एका आजींनी मला विचारलं, "बेटा, ये कुछ समझती है?"

"उसी से पूछिए ना," मी म्हटलं.

सईला शब्द जुळवायला वेळ लागतो. आजी थांबल्या.

"समझती... सब हूँ. बस... मुँह धीरे चलता है."

आजी हसून तिच्याजवळ सरकल्या. मग कितीतरी वेळ दोघी धुक्यातल्या बदकांविषयी बोलत राहिल्या. मी नुसती ऐकत होते.

असं मूल भेटलं, तर तुम्ही आधी कुणाशी बोलता? त्याच्याशी, की त्याच्या आईशी?