सुनेची जनावरं

"पोरगी कामाची हाय, पण सारा दिवस मातीत हात! जनावरं करून राहिली, बापा!"

सासूबाई शेजारच्या काकूंना सांगत होत्या आणि भिंतीच्या अलीकडे मी मातीच्या धामणीचे खवले कोरत होते. माहेरी रामाकोन्याला नाल्याकाठी जे दिसे ते मातीत करायची सवय. पांढुर्ण्याला सासरी आले आणि किस्से साचत गेले. लाज मात्र दरवेळी माझ्याच वाट्याला!

*

नागपंचमीला ती धामण अंगणात वाळत होती. काकू येऊन खरीच समजून लांबूनच हळदकुंकू, लाह्या वाहून गेल्या. मागून सासूबाईंनीही डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले तर शेपटीवर माझ्या बोटाचा ठसा!

"सांगाचं नाही का वो सूनबाई? आता जोडलेले हात वापस कसे घेऊ?"

मी खाली मान घालून लाह्या वेचत राहिले.

*

मग मागच्या आवारात गोवऱ्या रचून पहिली भट्टी लावली. बेडूक आतून ओला राहिला होता. असा धडाम् आवाज झाला की अर्धी गल्ली धावली. नवी सून, त्यात स्फोट! लोकांना स्टोव्हच आठवला.

"सून कुठं हाय? पहिले सून दाखवा!"

सासूबाईंचा चेहरा उतरला. काजळलेलं तोंड घेऊन मी पुढे उभी राहिले. सासरे शांतपणे म्हणाले, "सून साबूत हाय. तिचा बेडूक फुटला!"

*

हे शाळेत मास्तर. एकदा सोबतचे सर चहाला आले, तर हे माझं एकावर एक जनावरं रचलेलं शिल्प दाखवू लागले. "खाली टोळ. टोळाले बेडूक खाते, बेडकाले धामण, धामणीले मोर. एक काढला का सारं कोसळते. बॅलन्स आहे!"

"अन् वहिनीले कोण खाते?" एका सरांनी विचारलं.

"आई!"

आई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या. त्या दिवशी ह्यांच्या चहात साखर नव्हती.

*

मग सौंसरहून नणंदेला पाहायला पाहुणे यायचे ठरले.

"घुबडं पाहून कोणी सोयरीक करते का? आज लपव, अन् उद्या सारे नदीत टाकून ये," सासूबाईंनी बजावलं.

आम्ही नणंद-भावजयीनं सगळं पलंगाखाली सरकवलं, वरून चादर लोंबती सोडली. एक घुबड मात्र खिडकीत राहून गेलं. मुलाच्या आईनं नेमकं तेच हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.

"कोणाचं हो हे?"

"शेजाऱ्यांचं हाय. ठेवाले देलं," सासूबाई हसून म्हणाल्या.

सासरे बशीत पाहू लागले. हे पंख्याकडे. नणंद माझ्याकडे.

"माझं आहे," मी म्हणाले. "बाकीची पलंगाखाली आहेत. तुम्ही बसल्या, त्याच."