तिरक्या अक्षरातलं आमंत्रण

ठळक, काळ्या, ठोकळेबाज अक्षरांचा मला मनापासून राग आहे. चाकणच्या ज्या कंपनीत मी एचआरला नवी लागले होते, तिथला नोटीसबोर्ड अशाच अक्षरांत सदा खेकसत असायचा. रविवारच्या ओव्हरटाइमची नोटीस लागली की अर्ध्या शिफ्टच्या आज्या एकदम आजारी पडायच्या.

एकदा प्लँटच्या साहेबांनी मला बोलावलं. "रविवारी माल गेलाच पाहिजे. माणसं आणा. नाही आली, तर तुम्ही अजून प्रोबेशनवर आहात हे लक्षात असू द्या."

त्याच संध्याकाळी पिंपळे सौदागरला घरी येऊन मी लॅपटॉपवर माझा लाडका फॉन्ट काढला. उजवीकडे किंचित झुकलेला, कुठे भरीव, कुठे केसासारखा बारीक, टोकांना नाजूक पाय. हा फॉन्ट हुकूम सोडत नाही, अदबीनं लवून 'या ना' म्हणतो. लग्नपत्रिकेवर, अत्तराच्या बाटलीवर तो काय शोभतो! 'ओव्हरटाइम' हा शब्द मात्र त्यात इतका भिकार दिसला की मी तो काढूनच टाकला. उरलं ते एवढंच: 'रविवारी सकाळी आठ वाजता सर्वांनी कंपनीत उपस्थित राहावे. जेवणाची सोय केली आहे.' भोवती भरपूर मोकळी जागा. मी स्वतःवरच खूश.

बोर्डापाशी गर्दी झाली. "मॅडम, लई इज्जतीनं बोलावलंय," प्रेस मशीनवरचा एक ऑपरेटर म्हणाला. "येणार आमी." मी हवेत.

रविवारी गेटवर सगळे हजर. कडक इस्त्रीचे शर्ट, शेजारी रेशमी साड्यांतल्या बायका, पावडर लावलेली पोरं. एकानं तर आहेराला स्टीलचा डबा आणला होता. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हळूच एका खांबाआड सरकले.

"कार्यक्रम कुठाय?" त्या ऑपरेटरच्या बायकोनं विचारलं. साहेबांनी ओव्हरटाइमचं सांगितलं.

"आता आलोच हाय, तर हे रोज काय करतात ते दाखवा तरी," ती म्हणाली. "आन् साहेब, तुमच्या बाईसाहेब कुठायत?"

साहेबांनी मुकाट्यानं घरी फोन लावला.

बायका-पोरं मशीनपुढच्या पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभी राहिली आणि पलीकडे नवऱ्यांना असा काही चेव चढला की चहाला कुणी हललं नाही. दुपारी माल भरून ट्रक गेला. तोवर बाईसाहेब रहाटणीहून जरीच्या साडीत आल्या होत्या. त्यांनी बोर्ड वाचला, पुन्हा वाचला.

"अहो, इतक्या वर्षांत मला इथे कधी बोलावलं नाहीत. हे कुणी लिहिलंय?"

साहेबांनी नाइलाजानं माझ्याकडे बोट केलं.

"हिला कायम करा," त्या म्हणाल्या. "आणि घरी माझ्याशी बोलताना जरा हिला विचारून बोलत जा."

सोमवारी मी कायम झाले.