हात दिसतील असा शर्ट

माझ्या धाकट्या भावाला आम्ही घरात गबाळ्या म्हणतो. हे नाव मीच ठेवलं, तो आठ वर्षांचा असताना, आणि चौतिशी आली तरी ते बदलावं असं त्याने काही केलं नव्हतं. आईला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून तिने त्याचं नाव हातांनी ठेवलंय. दोन बोटांच्या चिमटीत पोटावरचा शर्ट धरायचा आणि बाहेर ओढायचा. ऐकू न येणाऱ्या मंडळींत सगळे त्याला याच खुणेने ओळखतात. म्हणजे त्याच्या अवताराबद्दल दोन्ही भाषांत एकमत आहे.

माझं कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान आहे. अख्ख्या गल्लीचे शर्ट मी कडक करून देते, आणि माझा सख्खा भाऊ त्याच दुकानासमोरून चुरगळलेल्या टी-शर्टात जातो. तो टी-शर्टही विकत घेतलेला नसतो. पंपांच्या कंपनीने वाटलेला, रंगाच्या दुकानाने वाटलेला, टायरवाल्यांनी वाटलेला. ज्या शर्यतीत हा एक पाऊल धावला नाही, तिचाही एक त्याच्याकडे होता. पँटी दोन, दोन्हींवर छापखान्याची शाई. "कामाचे कपडे आहेत, ताई," असं म्हणून तो मला उडवून लावायचा.

छापखाना हे त्याचं पोटापाण्याचं काम. खरं काम निराळं. तो खुणांच्या भाषेचा दुभाषी आहे. इस्पितळातून, कचेरीतून, बँकेतून फोन आला की हा सायकल काढून निघाला. बोलणारा एकीकडे, ऐकू न येणारा दुसरीकडे, आणि हा मध्ये उभा राहून इकडचं तिकडे करणार, तेही चांगल्या अर्थाने. शिकला कुठे म्हणाल तर घरी. पाच वर्षांचा होता तेव्हापासून आईच्या वतीने हाच बोलतो. एकदा शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून तक्रार केली की हा वर्गात झोपतो आणि गृहपाठ करत नाही. याने हातांनी आईला सांगितलं, "बाई म्हणतात, मुलगा शांत आहे, कुणाला त्रास देत नाही." आईने बाईंचे दोन्ही हात धरून आभार मानले. मी शेजारीच उभी होते आणि गप्प राहिले, कारण पुढची तक्रार माझ्याबद्दल होती.

तर हा माणूस एका संध्याकाळी दुकानात आला, टेबलावर कपड्यांची पिशवी उपडी केली आणि म्हणाला, "ताई, मला माणसात आण."

मी इस्त्री बाजूला ठेवली. काहीतरी घडल्याशिवाय हा असं म्हणणार नाही हे मला कळत होतं. घडलं होतं ते असं. इस्पितळात ऐकू न येणाऱ्या एका बाईचं मनगट मोडलं होतं, म्हणून याला बोलावलं. डॉक्टर नवे होते. त्यांनी याच्याकडे एकदा बघितलं आणि नातेवाइकांनी बाहेर थांबायचं म्हणून सांगितलं. हा म्हणाला, मी दुभाषी आहे. पण छातीवर लिहिलं होतं, 'आमचा पंप, आयुष्यभराची साथ'. त्या छातीकडे बघून कोण विश्वास ठेवणार? रखवालदाराने याला हाताला धरून बाहेर काढलं. आतमध्ये ती बाई वीस मिनिटं एकटी होती. डॉक्टरांनी मनगटावर आडवी रेघ ओढून दाखवली, प्लास्टर कुठपर्यंत घालायचं ते. तिला वाटलं, हात तिथून कापणार.

"ती बाहेर आली तेव्हा पांढरीफटक पडली होती," तो म्हणाला. "आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो, पंपाची जाहिरात करत."

मला त्या डॉक्टरांचा राग आला, रखवालदाराचा आला, आणि सगळ्यांत जास्त याचा आला. पण याच गडबडीतून एक चांगलं निघालं. त्या बाईच्या घरच्यांनी लेखी तक्रार केली आणि इस्पितळाने ठरवलं की आता कायमचा दुभाषी नेमायचा. तीन आठवड्यांनी परीक्षा होती. खऱ्या पेशंटपुढे बसवून बघणार होते. त्याला ती जागा हवी होती. छापखाना सुटेल म्हणून नाही, तर पुन्हा कुणी दाराबाहेर काढू नये म्हणून.

मग मी पदर खोचला. टी-शर्टांची दुकानात फडकी झाली. पँटी मी चिमट्याने उचलल्या. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन बाजारात गेले. लोकांचे चांगले कपडे हाताळण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत, मला कुणी शिकवायला नको. एक पांढरा शर्ट घेतला, त्यावर बारीक निळ्या उभ्या रेघा. एक बिस्किटी रंगाचं जाकीट, अगदी अंगाबरोबर बसणारं. चकचकीत पट्ट्याचं घड्याळ. काळे बूट. दाढी केली, केस कापले. गल्लीतून परत येताना औषधवाल्याने याला "या साहेब" म्हटलं. औषधवाला याला जन्मापासून ओळखतो. मी अशी चालत होते, जणू जाकीट माझ्याच अंगावर आहे.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि चेहरा फुलला. बूट तिला फार आवडले. ते चालताना करकर वाजत होते, पण ते तिला कोण सांगणार.

"बोल काहीतरी," ती हातांनी म्हणाली.

गबाळ्या सांगायला लागला. दुकान कसं होतं, ताईने भाव कसा पाडला. आईने डोळे बारीक केले. एक पाऊल पुढे आली. मग दिवा लावला.

"तुझे हात कुठे गेले?" तिने विचारलं.

मी बघितलं आणि कपाळाला हात लावला. जाकीट बरोबर त्याच्या कातडीच्या रंगाचं होतं. हात छातीसमोर आले की जाकिटात विरघळून जायचे. बोटं कुठे संपतात आणि बिस्किट कुठे सुरू होतं, कळायला मार्ग नव्हता.

"काढ ते," मी म्हटलं. "शर्ट बघू दे तिला."

आईने शर्टावर हात चालताना बघितले आणि दोन मिनिटांनी डोळे चोळले. "हा शर्ट फार बडबड करतो. त्याच्यामुळे मला तू ऐकू येत नाहीस." घड्याळाबद्दल तिचं म्हणणं असं पडलं की ते मध्ये मध्ये तोंड घालतं. प्रत्येक वाक्याला एकदा चमकायचं.

मला वाईट वाटलं, आणि ते लपवायला मी भांडी आपटली. आईला ती ऐकू येणार नव्हती, म्हणून आणखी जोरात आपटली. ज्या घरात सगळं बोलणं हातांनी होतं, त्या घरात मी लहानाची मोठी झाले. आणि कपडे निवडताना मी कुणाचा विचार केला? डॉक्टरांचा, रखवालदाराचा, औषधवाल्याचा. ज्यांनी याला बघून बघून ऐकायचं, त्यांचे डोळे माझ्या ध्यानातच आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आई स्वतः कापडाच्या दुकानात निघाली. कापडवाला अजूनही ती गोष्ट सांगतो. तिने गबाळ्याला काचेमागे उभं केलं, त्याच्या छातीवर एकेक कापड लावायला सांगितलं आणि स्वतः रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेली. तिथून ती विचारायची, "आज काय वार?" हा उत्तर द्यायचा. नीट दिसलं नाही की तिची मान हलायची आणि पुढचा तागा यायचा. मध्ये बस थांबली तर बस जाईपर्यंत सगळे थांबायचे. करड्या रंगाला ती नाही म्हणाली, चौकड्यांना नाक मुरडलं, रेशमी झाकेचं कापड तर तिने उलगडूही दिलं नाही. शेवटी गडद निळं, बिनचमकीचं कापड आलं आणि तिने रस्त्यापलीकडून सांगितलं, "आता ऐकू येतंय."

त्याचे दोन शर्ट शिवले, पूर्ण बाह्यांचे, पण मनगटाच्या अलीकडे थांबणारे. शिंप्याने चमकणारी बटणं लावली होती ती मी उसवून कापडाच्या रंगाची लावली. खिसा नको म्हटलं, म्हणजे पेन नको. कडक इस्त्री माझी. आरशासमोर उभा राहिला तेव्हा तो साधा दिसत होता आणि मोठा दिसत होता. जाकिटात तो लग्नाला निघाल्यासारखा दिसायचा. या शर्टात कामाला निघाल्यासारखा दिसला.

परीक्षेच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. आईची साखरेची तपासणी त्याच दिवशी होती, म्हणून तीही फाइल घेऊन बरोबर आली. रखवालदाराने गबाळ्याला सलाम केला. मागच्या वेळी त्याला बाहेर काढणारा हाच. गबाळ्या म्हणाला, "ताई, बोलू नकोस काही." मी बोलणारच होते.

परीक्षा घ्यायला दोघं होते. एक इस्पितळाचे मोठे डॉक्टर आणि दुसऱ्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई, ज्यांना स्वतःला ऐकू येत नव्हतं. ज्या पेशंटला बोलावलं होतं तो सुतार आलाच नाही. अर्धा तास वाट बघितल्यावर चित्रकलेच्या बाईंची नजर माझ्या आईवर गेली. आई मजेत त्यांच्याशी हातांनी गप्पा मारत होती.

"या चालतील," बाईंनी हातांनी सांगितलं.

गबाळ्याने लगेच खरं ते सांगितलं. "ती माझी आई आहे."

"मग तर बरंच झालं," बाई म्हणाल्या. "खुर्चीवर मुलगा बसतो की दुभाषी, ते कळेल."

आईची हरकत नव्हती. आम्ही सगळे तपासणीच्या खोलीत गेलो. साखरेच्या डॉक्टरबाई तरुण आणि फटकळ होत्या. त्यांनी कागद बघितले आणि माझ्या भावाकडे वळून म्हणाल्या, "यांना सांगा..."

"त्यांच्याकडे बघून बोला," गबाळ्या म्हणाला. "मी फक्त मध्ये आहे."

डॉक्टरबाई आईकडे वळल्या. "साखर किती वाढलीय बघितलंत का? तीन वेळा सांगितल्याचं कागदावर आहे. गोळ्या घेता की फेकून देता? असंच चाललं तर एक दिवस डोळे जातील. डोळे गेले तर तुम्ही ऐकणार कशाने?"

गबाळ्याचे हात हवेतच थांबले. खरं सांगते, मी मनातल्या मनात म्हणत होते, सांगू नकोस. गोड कमी खा म्हण आणि मोकळा हो. चित्रकलेच्या बाई त्याच्या हातांकडे बघत होत्या.

त्याने सांगितलं. फेकून देता का, हेही सांगितलं. डोळे जातील हे सांगितलं. शेवटचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला, आणि त्या निळ्या शर्टावर एकेक बोट इतकं स्पष्ट दिसत होतं की चुकून काही वेगळं समजायची सोय नव्हती.

आई डॉक्टरबाईंकडे बघून हातांनी बोलू लागली आणि गबाळ्या तिचं बोलणं तोंडाने सांगू लागला. "गोळ्या मी एक दिवसाआड घेते. रोज घेतल्या की मला चक्कर येते. मला हे कुणी विचारलंच नाही. आणि चहात मी तीन चमचे साखर घालते, ते मात्र खरं." दाढी केलेल्या माझ्या भावाच्या तोंडून 'मी घेते', 'मी घालते' ऐकून एरवी मी हसून लोळले असते. त्या दिवशी डोळे भरून आले. डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली, कधी चक्कर येते, किती वेळ येते विचारलं, आणि गोळ्या बदलून दिल्या. दोघींची साखरेवरून चांगली जुंपली. शेवटी अर्ध्या चमच्यावर तोड निघाली.

मोठ्या डॉक्टरांनी पहिल्या तारखेपासून कामावर या म्हणून सांगितलं. चित्रकलेच्या बाईंनी एवढंच म्हटलं, "मुलगा कुठेच दिसला नाही."

बाहेर बाकावर आई आमच्या दोघांच्या मध्ये बसली. गबाळ्याला राहवेना. "रागावलीस?" त्याने विचारलं.

"मी कशाला रागावू? आज डॉक्टर माझ्यावर रागावली," आई म्हणाली. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "आयुष्यात पहिल्यांदा." मग तिने थोडं थांबून, आठवून आठवून सांगितलं. "आधीचे डॉक्टर पाच-पाच मिनिटं बोलायचे, आणि तू सांगायचास, सगळं ठीक आहे, गोड कमी खा. मला वाटायचं, तोंडाने बोलायचं म्हणजे तेवढा वेळ लागतच असेल. बिचारी माणसं."

आम्हा दोघांना तिच्याकडे बघवेना. पण बघितल्याशिवाय तिचं ऐकता येत नाही, म्हणून बघत राहिलो.